तीन शब्दांचा फळा

कामशेतचा भरलेला बाजार अर्ध्या तासात रिकामा करायला मला खडूने लिहिलेले तीन शब्द पुरले. त्यातही कामशेतला मी नव्हतोच. मी होतो लोणावळ्यात, तिकोणे मास्तरांच्या वर्गाखाली, एका फळ्यासमोर, आणि स्वतःवर बराच खूश होतो.

१९४२ सालचा ऑगस्ट, शुक्रवारची सकाळ. मास्तर तापाने घरी पडलेले आणि फळ्याची पाळी माझी. पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत मास्तरांचा वृत्तविद्येचा वर्ग भरायचा. खाली, गिरणीच्या दाराशेजारी, रस्त्यावरच्या माणसाला दिसेल असा हा फळा टांगलेला असायचा. रोज एक ताजी बातमी. नियम एकच, शब्द तीन. चौथा शब्द लिहिणाऱ्याने आठवडाभर जिन्यावरचं पीठ झाडायचं. मास्तर म्हणायचे, "बातमीतला जो शब्द काढला तरी चालतो, तो काढलाच पाहिजे." हे वाक्य आम्ही सातही विद्यार्थ्यांनी पाठ केलं होतं. समजलं किती जणांना, ते आता कळेलच.

गफूर टांगेवाला वलवणची सवारी घेऊन आला आणि टांग्यातूनच म्हणाला, "सोपानराव, ल्ह्या फळ्यावर. धरनाला पानी फुटलं."

आमच्या मावळात धरण भरून सांडव्यावरून पाणी वाहायला लागलं, की धरणाला पाणी फुटलं म्हणतात. झऱ्याला फुटतं तसं. म्हणजे बातमी आनंदाची. मी खडू घेतला आणि लिहायच्या आधी बोटांवर मोजलं: वलवण, धरणाला, पाणी, फुटले. चार झाले. आता यातलं काढायचं काय? वलवण काढलं तर कुठलं धरण ते कळेना. फुटले काढलं तर क्रियापदच गेलं. धरणात पाणी नाही तर काय ताक असणार, असा विचार करून मी पाणी काढलं. मग व्याकरणाला धरून 'धरणाला'चं 'धरण' केलं.

वलवण धरण फुटले.

पंधरा मिनिटं मी समोरच्या हॉटेलात बसून माझ्या अक्षराचं वळण बघत होतो. मग एक माणूस फळ्यापुढे थांबला, त्याने मोठ्याने वाचलं, आणि हातातली पिशवी तिथंच टाकून तो स्टेशनकडे पळत सुटला. दुसरा थांबला, तोही पळाला. तेव्हा कुठं माझं मीच लिहिलेलं मला वाचता आलं. सदऱ्याच्या बाहीने फळा पुसला आणि घाईघाईत लिहिलं, 'तांदूळ पुन्हा महागला'. पण तोवर पहिले तीन शब्द पुण्याकडच्या गाडीत चढले होते.

कामशेतच्या बाजारात लोक पोती उघडी टाकून टेकडीकडे पळाले. बैलगाड्या एकमेकींत अडकल्या, एका हमालाचा हात मोडला. पुढचा पूल वाहून गेला असं कुणीतरी सांगितलं, म्हणून स्टेशनात एक मालगाडी दोन तास उभी राहिली. एरवी चार दिवस हसून लोक विसरले असते. पण तो आठवडा हसण्याचा नव्हता. मुंबईत पुढारी पकडले गेले होते, जागोजाग तारा तोडल्या जात होत्या, आणि लढाईच्या मालाची गाडी अडवणं ही थट्टा राहिली नव्हती.

शनिवारी सकाळी पोलिसांनी गफूरला उचललं. धरणाचं आधी कोण बोललं, अशी स्टेशनवर चौकशी झाली, तेव्हा चारजणांनी त्याचं नाव घेतलं. त्यालाही विचारलं, तर तो म्हणाला, "व्हय, म्याच सांगितलं. सकाळपास्नं समद्यांना सांगतुया. फुटलंच हाय की." फौजदार धारवाडकडचे, मराठी पुस्तकातून शिकलेले. त्यांनी लिहून टाकलं, आरोपी कबूल आहे. सोमवारी सकाळी आठ वाजता त्याला पुण्याला धाडायचं ठरलं. त्या दिवसांत पुण्याला गेलेला माणूस परत कधी येईल, हे सांगणारं कुणी नव्हतं.

मला एका वाक्यात त्याला सोडवता आलं असतं. ते वाक्य शनिवारी दिवसभर माझ्या तोंडात होतं. माझे वडील रेल्वेत सांधेवाले. मालगाडी अडवणाऱ्याच्या बापाला कोण नोकरीवर ठेवेल, एवढं गणित मला येत होतं. मी गप्प बसलो आणि चौकीसमोरून जायचं टाळलं.

संध्याकाळी फौजदारांनी मास्तरांना बोलावून घेतलं. ताप उतरला नव्हता, घोंगडी पांघरून गेले. मी बरोबर होतो.

"प्रोफेसर," फौजदार म्हणाले, "तुम्ही म्हणे अफवेचा माग काढता. कोणी कोणाला सांगितले, त्याच्या चिठ्ठ्या करता."

"बातमीचा काढतो," मास्तर म्हणाले. "अफवा की बातमी, ते शेवटी कळतं."

"तर मग काढा. सोमवारी आठच्या आत ती साखळी मला आणून द्या. टांगेवाला पहिला नसेल तर सोडतो."

मास्तर माझ्याकडे वळले. "सोपान, उद्या पहिल्या गाडीने कामशेत. चिठ्ठ्या आणि पेन्सिल तू घे."

ज्या वाटेच्या शेवटी मी उभा होतो, त्या वाटेने मास्तर निघाले होते, आणि त्यांची पिशवी धरायला मीच.

ही चिठ्ठ्यांची विद्या मास्तरांनी कुठल्या पुस्तकातून घेतलेली नव्हती. महिपती कोंडाजी तिकोणे हे पवनेकाठच्या शेतकरी घरातले. १९१३ साली, अठराव्या वर्षी, वलवणच्या धरणाच्या कामावर हजेरी लिहायला लागले. एके दिवशी सकाळी हजेरीला निम्मी माणसंच नाहीत. धरणाच्या पायात लहान पोर पुरणार, असं कळल्यावरून चारशे मजूर बायकामुलांसकट पळाले होते. साहेब लोकांनी अडाणीपणाला शिव्या दिल्या आणि नवी माणसं आणवली. महिपतीने मात्र हजेरीच्या कागदांच्या पाठीवर लिहायला सुरुवात केली. तुला कुणी सांगितलं? त्याला कुणी सांगितलं? अकरा दिवस तो मागं मागं चालत गेला आणि शेवटी एका मुकादमाच्या बायकोपाशी पोचला. तिचं पोर रडत होतं. ती म्हणाली होती, "गप बस, न्हाईतर पायात घालतील." शेजारच्या झोपडीने एवढंच ऐकलं होतं.

त्या दिवसापासून या माणसाला दुसरा नाद लागला नाही. पुण्याला जाऊन बी. ए. झाले. एका दैनिकात सहा वर्षं मुद्रितं तपासली. मग एका कॉलेजात मराठीचे प्रोफेसर झाले आणि वर्तमानपत्र हा विषय शिकवायला द्या, म्हणून प्राचार्यांच्या मागं लागले. प्राचार्य म्हणाले, "तिकोणे, जी वस्तू संध्याकाळी रद्दीत जाते, तिचा विषय कसा करता?" मास्तरांनी पुढच्या महिन्यात राजीनामा दिला आणि १९२७ साली लोणावळ्यात येऊन गिरणीवरची खोली घेतली. सकाळी शाळेत शिकवायचं, संध्याकाळी वर्ग, सुट्टीत गावोगाव चिठ्ठ्या. गावाने 'प्रोफेसर' ही पदवी त्यांना परत दिली, पण चिडवायला.

त्यांच्या पत्नी अंबूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्याकडं धान्याचे डबे दोन आणि चिठ्ठ्यांचे बावीस. उंदीर कुठं लागायचा तर धान्यालाच. चिठ्ठ्यांना तोसुद्धा विचारत नाही."

रविवारी पाऊस रिपरिपत होता. कामशेतला हौशीरामशेठ तांदूळवाल्यांनी आम्हांला गादीवर बसवलं. पळताना पायरीवर आपटून त्यांचं कपाळ सुजलं होतं.

"कुणाकडून ऐकलंत?" मास्तरांनी विचारलं.

"मास्तर, म्या कुनाकडनं ऐकलं त्ये सोडा. म्या कुनाच्या मागं पळालो त्ये इचारा. ह्यो समदा बाजार एका भाजीवालीच्या मागं पळत व्हता. वलवनची नंदाबाई. तिचं घरच धरनाखाली. तिनंच बोंब मारल्यावं आमी काय थांबून इचारायचं?"

मास्तरांनी एक चिठ्ठी लिहिली, मला दिली. मी ती पिशवीत ठेवली. पिशवीचा बंद मला दोनदा बांधावा लागला, तेव्हा त्यांनी विचारलं, "थंडी वाजते का?" मी हो म्हणालो. एवढं खोटं तरी मला त्या दिवशी धड जमलं.

गाडी माळवलीपर्यंतच आली, पुढे चालत वलवण. मास्तर तापातच होते. मधेच थांबत, छत्रीवर भार देत, पुन्हा चालत. दोनदा मी तोंड उघडलं. पहिल्यांदा समोरून बैलगाडी आली. दुसऱ्यांदा काही आलं नाही, तरी मी म्हणालो, "मास्तर, जरा बसूया का?"

"सोमवार बसत नाही," ते म्हणाले.

नंदाबाई घराच्या ओट्यावर भाजीच्या जुड्या बांधत होती. समोर धरणाची भिंत जागच्या जागी होती आणि सांडव्यावरून पाणी पांढरं धो धो पडत होतं.

"मास्तर, माज्यावानी येडी मीच," ती म्हणाली. "शुक्रवारी सकाळी मी ह्ये धरन डोळ्यांनी बघून निघाले. धड व्हतं. इष्टेशनावं मारुती गँगमन म्हनला फुटलं, आन् मी रडायला लागले. पोरं घरात व्हती ना. कामशेतला उतरल्यावं मग काय, वरडत सुटले."

"डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी मारुतीवर विश्वास ठेवला?"

"त्यो रेल्वेत हाय की."

मास्तरांची पेन्सिल थांबली आणि मग झरझर चालली. तापात, पावसात, त्या टांगेवाल्याच्या काळजीतसुद्धा त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे दिसलं, त्याला मी आनंदच म्हणेन. त्या क्षणी मला त्यांचा राग आला. स्वतःचा येत होता तो कुठंतरी टाकायला हवा होता.

उजेड मावळायला आला तेव्हा लोणावळ्यात मारुती गँगमन सापडला. रुळाकडेला कंदील पुसत बसला होता.

"मला वाचता येत न्हाई, मास्तर. एक मानूस वाचत व्हता मोट्यानं, त्ये म्या ऐकलं."

"काय वाचत होता?"

"फळा. तुमचा फळा. आता परफेसरच्या फळ्यावं ल्ह्यालंय म्हनल्यावं खोटं कसं आसंल? पंधरा वरसं कंदी खोटं निघालं न्हाई."

मास्तरांनी ही चिठ्ठी लिहिली नाही. पेन्सिल खिशात ठेवली आणि गिरणीकडे चालू लागले. मी मागं. जिन्यावर पीठ होतं, त्यात त्यांची ओली पावलं उमटत गेली. वर जाऊन त्यांनी कंदील लावला, घोंगडी खुंटीला टांगली.

"शुक्रवारी फळा कुणाकडे होता?"

"माझ्याकडे."

"काय लिहिलंस?"

"तांदूळ पुन्हा महागला."

"त्याच्या आधी?"

खाली गिरणी बंद होती. एरवी त्या खडखडाटात कुणाला काही ऐकू गेलं नसतं. मी सांगितलं. गफूरचं वाक्य सांगितलं, माझं सांगितलं.

"पाणी कुठं गेलं?" मास्तरांनी विचारलं.

"चार शब्द होत होते."

ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एक मारुतीची, एक माझी. माझी टेबलावर ठेवली.

"नियम माझा होता," ते म्हणाले. "आणि तोंड उघडायला तुला दोन दिवस लागले, ते तुझं. ही चिठ्ठी मी चौकीत नेणार नाही आणि फाडणारही नाही. न्यायची तर तू ने. आठला गाडी आहे."

सकाळी सातला मी चौकीत गेलो. गफूर कोठडीत उकिडवा बसला होता. मला बघून म्हणाला, "सोपानराव, माजं घोडं कुनी बघतंय का न्हाई?" त्याला वाटलं मी भेटायला आलोय. मी चिठ्ठी फौजदारांपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. वडिलांची नोकरी काय, ते विचारलं नसतानाही सांगून मोकळा झालो.

फौजदार हसले. "म्हणजे एका शब्दाने मालगाडी अडवली? प्रोफेसरांनी पढवून पाठवलेले दिसते. पाणी फुटले काय, धरण फुटले काय, फुटले ते फुटलेच."

तेवढ्यात मास्तर आले. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, तर फौजदारांनी हात वर केला. "तुम्ही नाही. तुम्ही मला व्याख्यान द्याल." बाहेर धोंडाबाई चौकीचं पाणी भरत होती, सत्तरीची बाई. त्यांनी तिलाच आत बोलावलं.

"बाई, मी सांगितले की धरणाला पाणी फुटले. तर तू काय करशील?"

धोंडाबाईने कमरेवरची घागर सावरली. "काय करीन? लेकीला सांगावा धाडीन, पोरांला घिऊन ये म्हनंल बघायला."

"पळणार नाहीस?"

"पळंल कशापायी? पानी फुटल्यावं कुनी पळतं व्हय, सायेब? तुमच्याकडं पळत्यात का?"

गफूर कोठडीतून म्हणाला, "मावशी, त्येंच्याकडं धरान नसंल."

"गप रहा," फौजदार म्हणाले. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करत त्यांनी विचारलं, "आणि मी म्हणालो, वलवण धरण फुटले, तर?"

घागर खाली आली. फरशीवर पाणीच पाणी. धोंडाबाई एका हाताने दाराची चौकट धरून विचारत होती, "कवा?"

तिला बसवून, समजावून घरी पाठवायला पाव तास गेला. मग फौजदारांनी गफूरचा जबाब पुढे ओढला, त्यात काहीतरी लिहिलं आणि हवालदाराला कोठडी उघडायला सांगितलं. उठून माझ्या कानाखाली एक वाजवली. ती अजून आठवते.

"या पोराचे नाव मी लिहीत नाही," ते मास्तरांना म्हणाले. "पण मालगाडी अडली, वर मला काहीतरी लिहावे लागेल. मधली नावे द्या. फळ्यापासून कामशेतपर्यंत ज्यांनी पसरवले ती."

"ती माणसं खरं समजून बोलली."

"नावे द्या, नाहीतर वर्ग बंद. फळा जप्त. दोन वर्षे शाळेबाहेर कोणाला शिकवायचे नाही, कुठे काही छापायचे नाही, असा जामीन लिहून द्यावा लागेल."

चिठ्ठ्या मास्तरांच्या बंडीच्या खिशात होत्या. मला त्यांची कडा दिसत होती. पंधरा वर्षांचा वर्ग एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एक तांदूळवाला, एक भाजीवाली, एक गँगमन.

"कुठं सही करू?" मास्तर म्हणाले.

फळा हवालदाराने डोक्यावर घेऊन नेला. वर्गातले बाकीचे सहाजण आपापल्या उद्योगाला लागले. त्यातल्या दोघांनी मला आजतागायत ओळख दिलेली नाही, ते योग्यच आहे. मास्तरांनी दोन वर्षं जामीन अक्षरशः पाळला. मी संध्याकाळी जायचो, तर म्हणायचे, "शिकवत नाही हं, सोपान. अंबूबाईशी बोलतोय. तू ऐकलंस तर तुझा प्रश्न." आणि अंबूबाईंकडे तोंड करून तासभर मथळा म्हणजे काय ते सांगायचे. अंबूबाई गहू निवडत हुं हुं करायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "एवढं मला सांगताय, तर लेख मीच लिहिते. जामीन माझा थोडाच आहे?" मास्तर त्यावर खरोखरच विचारात पडले.

१९४५ साली पुण्याच्या एका संस्थेने त्यांना शनिवारी वृत्तविद्येवर बोलायला बोलावलं. पन्नाशीत मिळालेलं ते पहिलं खरंखुरं व्याख्यातेपद. तीन वर्षं झाली, अजून जातात. बावीस डब्यांचे आता सव्वीस झालेत. ग्रंथ लिहून तयार आहे, छापायला कोणी धजत नाही, कारण तो हजार पानांचा आहे आणि त्यातला एकही शब्द काढायला मास्तर तयार नाहीत. मी त्यांना हे तोंडावर बोलून दाखवलं आहे.

गफूर सुटला त्या सकाळचं तेवढं सांगायचं राहिलं. चौकीतून तो सरळ घरी गेला, आम्हीही बरोबर गेलो. घोडं ठणठणीत होतं. त्याच्या बायकोने, जाहिदाने, विठाबाई गवतवालीकडून दोन भारे उधार आणून दोन दिवस ते जगवलं होतं.

"उधारी मी फेडतो," गफूर म्हणाला.

"तू नाही," मास्तर म्हणाले. "सोपान फेडेल. पैशाने नाही. गवत उसनं आणलंय, गवतच द्यायचं. स्वतः कापून."

मी विळा हातात धरलेला तोवर कधी बघितला नव्हता कुणी. मंगळवारी दिवसभर खपून, बोटं चिरून घेऊन मी एक भारा विठाबाईच्या दारात टाकला. तिने तो उचलून बघितला. "ह्यो भारा हाय का गजरा?" म्हणाली. "ऱ्हाऊ दे. दुसरा नीट बांधून आन."

दुसरा नेईपर्यंत ती नवलाख उंबरे गावी लेकीकडे राहायला गेली. यंदा कामशेतच्या बाजारात ती मला दिसली, तांदूळ पाखडून घेत होती. मी वळून दुसऱ्या गल्लीला लागणार, तोच तिने हाक मारली.

"आरं ए, माजा एक भारा हाय तुज्याकडं."

"आणतो, मावशी. पैसे देऊ का?"

"पैकं नगंत. भारा म्हनले ना. लेकीची म्हस हाय."

पौष महिना होता. माळावर सगळं गवत वाळलेलं. मी ते तिला दाखवलं.

"मंग हिरवं झाल्यावं आन," ती म्हणाली, आणि पुन्हा तांदळाकडे वळली.